पहिल्या बटणावरचं चॅनेल : आमची वाटचाल

मालवण आणि आजूबाजूच्या गावांत दशावतार टीव्हीवर आणला तो आम्ही. हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण अलीकडे एक-दोन स्मरणिकांत आणि सत्काराच्या भाषणांत हे श्रेय भलत्यालाच दिलेलं वाचलं आणि ऐकलं. त्या माणसाने ते आमचीच कॅसेट वापरून मिळवलं. ते पुढे येईलच. ज्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं त्यातले बरेच आता उरले नाहीत, त्यामुळे नोंद झालेली बरी.

धंदा उभा राहिला दोघांवर. एक मी, दुसरे आमचे मेस्त्री. माझी बाजारात व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती आणि लग्नसराईत शूटिंगची कामं मिळायची. मेस्त्री रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे दोन फळ्या आणि एक टेबल, पण देवगडकडून सुद्धा लोक बिघडलेला टीव्ही गोधडीत गुंडाळून एसटीने त्यांच्याकडे आणत.

१९९१ साली आखाती युद्ध टीव्हीवर दिसलं, त्याच वर्षी एशियासॅट १ या उपग्रहावरून स्टार टीव्ही सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी आला. मुंबईत वाड्यावाड्यांतून केबल पोचली होती. आमच्याकडे मात्र दूरदर्शनसाठीच लोक घरापेक्षा उंच पाइप उभे करत, तरी अर्धा वेळ पडद्यावर मुंग्या. मे महिन्यात आलेले चाकरमानी लायब्ररीत येऊन विचारायचे, "गावात झी खंय दिसता रे?" हा प्रश्न मी मेस्त्रींना सांगितला. ते सोल्डरिंग करत होते. मान वर न करता म्हणाले, "दिसतला. डिश हाडूक होयी." मी बायकोचे दागिने पतसंस्थेत ठेवले, मेस्त्रींनी दुकानाची पागडी मोडली, आणि कोल्हापूरहून घाटाने ट्रकमधून सुट्या पाकळ्यांची डिश आली.

बारा फुटी, जाळीची. भरीव फायबरची स्वस्तात मिळत होती, पण मेस्त्री ठाम होते. "वारो जाळयेतून भायर जातलो. फायबराची डिश वारो घेवन जातलो." एशियासॅट आमच्याकडून पूर्वेला, जरा दक्षिणेकडे कललेला. त्यामुळे डिशचं तोंड सह्याद्रीकडे आणि पाठ समुद्राला, आणि पावसाळ्यातला सगळा वारा त्या पाठीवर. पुढे सोनी, डिस्कव्हरीसाठी पॅनॅमसॅट ४ या दुसऱ्या उपग्रहाची डिश बसवली, तिचं तोंड दक्षिणेला, किंचित समुद्राकडे. गावातली पोरं दोन डिशांवरून दिशा सांगायची.

मेस्त्रींचं डिश लावणं बघण्यासारखं होतं. हल्ली मीटर आणि मोबाइलवर अॅप आहे. तेव्हा त्यांच्याजवळ चौदा इंची टीव्ही, त्यावर उन्हासाठी काळं कापड, आणि त्या कापडात डोकं घालून बसलेले मेस्त्री. एक हात बाहेर. त्या हाताच्या खुणेवर मी नट ढिला-घट्ट करायचा. आधी नुसत्या मुंग्या, मग मुंग्यांत हलणाऱ्या रेघा, मग चित्र पण आवाज नाही. तिथून पुढे सुताच्या हिशोबाने डिश सरकायची. शेवटी फीड, म्हणजे डिशसमोरचा सिग्नल धरणारा भाग, फिरवून पोलॅरिटी जुळवायची. चित्र काचेसारखं झालं की हात मुठीत मिटायचा, आणि मी नट आवळायचा. आवळताना डिश केसभर हलते हे धंद्यातल्या माणसाला माहीत आहे. मेस्त्री त्या केसभराचा हिशोब आधीच धरून थांबायला सांगायचे. मी नंतर कंपन्यांचे इंजिनिअर पाहिले, तो हात पुन्हा पाहिला नाही.

लाइन टाकणं हे निराळं प्रकरण. विजेच्या खांबांना हात लावायचा नाही असं पहिल्या दिवसापासून ठरवलेलं, म्हणून आमचे खांब म्हणजे माड. वायरीपासून तारकर्लीपर्यंत आमची ट्रंक लाइन, म्हणजे मुख्य केबल, माडामाडांवरून गेली. माडावर चढणारे दोन पाडेली आम्ही पगारावर ठेवले होते. नारळ पाडायच्या दिवसांत ते मिळायचे नाहीत, लाइनचं काम थांबायचं. माडाला खिळा मारायचा नाही, सुंभाने बांधायचं, दर वर्षी पावसाआधी सुंभ बदलायचं. एवढं करून चुडत पडलं की लाइन खाली. वानरांचा कळप गेला की घरात जाणारी ड्रॉप केबल तुटलेली. आणि खारा वारा: सिग्नल वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरचा डबा कितीही सील करा, दोन पावसाळ्यांत स्क्रूवर हिरवा थर चढतोच.

ज्या घरात अॅम्प्लिफायर, म्हणजे आमच्या भाषेत अॅम्प, त्या घराला कनेक्शन फुकट, कारण वीज त्यांची. ही पद्धत सगळीकडे होती. भरडावरच्या खानावळवाल्या काकींच्या माजघरात आमचा एक अॅम्प होता आणि तिथून दांडीकडची पूर्ण लाइन निघायची. काकींनी फुकट कनेक्शन कधी घेतलं नाही. "वीज माझी, तुझो टीव्ही. दोघांचो हिशोब येगळो ठेवया." दर महिन्याला त्या पैसे द्यायच्या आणि आम्ही विजेचे पैसे त्यांना द्यायचो. रजिस्टरमध्ये दोन्ही रकमा आहेत.

१९९५ चा केबल कायदा आला तेव्हा पोस्टात फी भरून नोंदणी केली. पावती लॅमिनेट करून ठेवली आहे. आमच्याविरुद्ध पुढे ज्यांनी अर्ज केले, त्यांच्याकडे ती पावती नव्हती.

चॅनेलबद्दल. सुरुवातीला आमचं म्हणून जे चॅनेल होतं ते म्हणजे कंट्रोल रूममधला एक व्हीसीआर आणि त्याचं चित्र केबलवर चढवणारा एक मॉड्युलेटर. रात्री साडेनऊला सिनेमा. लोकांच्या टीव्हीला आठ नाहीतर बारा बटणं असायची. पहिलं बटण आम्ही आमच्या चॅनेलला ठेवलं आणि त्यानंतर दूरदर्शन. बाकीचे सगळे मागे. काही ऑपरेटर पैसे देणाऱ्या उपग्रह वाहिन्यांना पहिली बटणं द्यायचे. आमच्याकडेही विचारणा झाली. दिलं नाही.

पहिला बदल गणपतीत झाला. घरगुती गणपतीची आरास शूट करून संध्याकाळी लावली, तर लोक दुकानात यायला लागले, आमच्या घरी कधी येताय म्हणून. चाकरमानी मुंबईला जाताना कॅसेटची कॉपी मागायचे. पुढल्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी लावली, नारळी पौर्णिमेला बंदरावरचा नारळ लावला. मग खाली पट्टी सुरू केली: आज वीज कधी जाणार, कोणाचं बाराव्याचं जेवण कुठे, कोणाची म्हैस हरवली, बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला. ही बावट्याची पट्टी दांडीवरच्या बायका रात्री उठून बघायच्या. मालवणात टीव्हीचं पहिलं बटण लोक दाबायचे ते सिनेमासाठी नाही, या पट्टीसाठी.

आणि दशावतार. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या की रोज कुठे ना कुठे पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर यांच्यापैकी कोणाचं तरी नाटक असतं. पालखी बसल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. रंगभूमीवर सामान म्हणजे एक बाकडं. संहिता नाही, संवाद जागेवर सुचतात, आणि एकच आख्यान दोन गावांत दोन तऱ्हांनी होतं. हे कॅसेटवर धरायचं म्हणजे काय, ते आता कोणाला सांगून पटणार नाही. आमच्याकडे पॅनासॉनिकचा एम ३००० कॅमेरा होता, खांद्यावर घ्यायचा. कॅसेट तीन तासांची. आख्यानाआधीचा आडदशावतार, गणपती, संकासुर यातच पहिली कॅसेट अर्धी संपायची. राजा आणि राक्षस समोरासमोर आले, तलवारी निघाल्या, की हटकून शेवटची मिनिटं. मेस्त्रींनी यावर दुसरा व्हीसीआर लांब वायरने जोडला. कॅमेऱ्यातली कॅसेट संपायच्या आधी तो सुरू करायचा, म्हणजे एक शब्द सुटायचा नाही. आवाजासाठी माइक हार्मोनियमजवळ ठेवला की नटाचा आवाज दबायचा. म्हणून मांडवाच्या वाश्याला बाकड्याच्या बरोबर वर टांगायचा. हॅलोजन समोरून मारला तर नट चिडायचे. राजपार्ट करणारे एक ज्येष्ठ नट होते, त्यांनीच सांगितलं, "बाबा, उजेड बाजूसून दे, माका समोरचे लोक दिसूक होये. लोक दिसले नाय तर मी बोलू खंयसून?" तेव्हापासून बाजूने दिवा. आजही आमची पोरं बाजूनेच दिवा लावतात, कारण विचारलं तर त्यांना ते सांगता येत नाही.

मंडळींना आम्ही मानधन द्यायचो, शिवाय कॉपी. ज्या गावची जत्रा त्या गावच्या मानकऱ्यांना विचारल्याशिवाय शूटिंग नाही. शनिवारी रात्री नाटक लागलं की दांडीवर आणि देवबागात ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या अंगणात माणसं. डबलबारीची भजनंही लावली, दोन बुवा समोरासमोर. त्याच्या वेळी फोन एवढे यायचे की रिसीव्हर काढून ठेवावा लागे.

मराठी उपग्रह वाहिन्या आल्या, १९९९ च्या ऑगस्टमध्ये अल्फा मराठी आणि २००० च्या जुलैत ई-टीव्ही मराठी, तेव्हा संध्याकाळची बायकामाणसं मालिकांकडे गेली. आम्ही मालिकांच्या वेळा सोडून दिल्या. सकाळी भजन, दुपारी रेसिपी, रात्री दहानंतर जत्रा. कार्यक्रम बदलायला आम्ही कधी घाबरलो नाही. स्पर्धा उपग्रहाची असेल तर ती सरळ असते. वरून येते आणि सगळ्यांना सारखीच येते.

सरळ नव्हता तो दुसरा. २००२ च्या पावसाळ्यानंतर तो आला. नाव लिहीत नाही. पाठीशी कोण होतं तेही लिहीत नाही, मालवणात सगळ्यांना माहीत आहे. त्याने आमच्या अर्ध्या दरात केबल दिली, पहिले तीन महिने फुकट. ज्या घरांत आमचे अॅम्प, त्या घरी आधी गेला. टीव्ही देतो म्हणाला, आयुष्यभर कनेक्शन फुकट म्हणाला. बऱ्याच घरांनी आमचे डबे काढून अंगणात ठेवले. माझा त्यांच्यावर राग नाही, पैशाची अडचण प्रत्येकाला असते. पण आठवण राहते.

मग लाइन बंद पडायला लागल्या. तुटलेली केबल सापडते, जोडता येते. हा प्रकार निराळा होता. केबलमध्ये टाचणी टोचायची, बाहेरच्या जाळीतून आतल्या तारेपर्यंत, आणि डोकं कापून टाकायचं. लाइन शॉर्ट, पूर्ण वाडी बंद, आणि बाहेरून काही दिसत नाही. धंद्यातल्या माणसाला ही चीज कळेल. लाइन मधोमध तोडून बघायची, कुठल्या अर्ध्यात दोष आहे. मग त्या अर्ध्याचा अर्धा. माडावर चढून, रात्री, बॅटरी तोंडात धरून. एक टाचणी काढावी तर कोळंबच्या पुलाजवळ दुसरी. मेस्त्री तेव्हा साठीला आले होते. शेवटी ते अंधारात केबलवर नुसतं बोट फिरवून टाचणीची जागा सांगायचे, टोचलेल्या ठिकाणी आवरणाला बारीक फुगवटा येतो म्हणून. प्रत्येक टाचणीमागे एक जोड वाढला, आणि प्रत्येक जोडाला सिग्नल थोडा उतरतो. टोकाच्या घरांत मुंग्या परत आल्या. लोक म्हणायला लागले, ह्यांची केबल जुनी झाली.

तक्रार दिली. तिचं पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्याच दरम्यान एका पे चॅनेलच्या एजंटाने पॉइंटच्या, म्हणजे कनेक्शनच्या, संख्येवरून वाद काढला आणि ऐन क्रिकेटच्या हंगामात आमचा डिकोडर बंद केला. आम्ही दाखवलेली संख्या रजिस्टरप्रमाणे होती, रजिस्टर त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं होतं. त्याने उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्याच्या केबलवर सामना सुरू होता.

आणि मग दशावतार. एका शनिवारी समोरच्याच्या चॅनेलवर नाटक लागलं. 'आमच्या प्रेक्षकांसाठी प्रथमच' अशी पाटी. आमची कॅसेट होती. आमच्या चॅनेलवरून रेकॉर्ड केलेली, आणि उजव्या कोपऱ्यातल्या आमच्या खुणेवर त्याची जाहिरातीची पट्टी फिरवलेली. मी कशावरून म्हणतो? त्या रात्री राक्षसाच्या प्रवेशाला आमचा हॅलोजन गेला होता. चित्र काळवंडलं, आणि मग मानकऱ्यांनी पेट्रोमॅक्स आणून बाकड्याजवळ ठेवली, ती आणणारा हात आणि आमच्या मेस्त्रींचं मनगटावरचं घड्याळ स्पष्ट दिसतं. तो तुकडा जसाच्या तसा त्याच्या चॅनेलवर. मी नाटकमंडळींना घेऊन त्याच्या ऑफिसात गेलो. तो म्हणाला, दशावतार देवाचा, त्याच्यावर हक्क कोणाचा. देवाचा म्हणून आम्ही मानधन दिलं होतं. त्याने एक रुपया दिला नाही, आणि आज 'प्रथमच' म्हणून नाव त्याचं छापलं जातं. मूळ कॅसेट माझ्याकडे आहे. ज्याला बघायची त्याने यावं.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत आम्ही निम्म्यावर आलो. पतसंस्थेचे हप्ते थकले. पाडेली सोडून गेले, त्यांनाही घर होतं. मी मेस्त्रींना म्हटलं, विकून टाकू या. ते काही बोलले नाहीत, फक्त मीटर पिशवीत भरून दांडीकडे निघून गेले, कारण तिथे एका घरी चित्र हलत होतं.

काकींकडेही तो गेला होता. माजघरात बसला, चहा घेतला, टीव्हीची गोष्ट काढली. काकींनी त्याला जे सांगितलं ते खानावळीत जेवणाऱ्या दहा जणांनी ऐकलं: "माझ्या घरातलो डबो हलाचो नाय. तुमका कोणाक सांगूचा आसा तेका सांगा." तो डबा हलला असता तर दांडी गेली असती, आणि दांडी गेली असती तर आम्ही संपलो होतो. त्याच आठवड्यात त्या दुकानात आल्या आणि पदरातून एक वर्षाचे पैसे आगाऊ काढून ठेवले. पावती दे म्हणाल्या. मग रोज दुपारी जेवायला येणाऱ्यांना विचारायला लागल्या, तुमची केबल कोणाची? रापणीवरचे लोक पैसे नारळी पौर्णिमेनंतर देतात, पावसाळ्यात मासेमारी बंद असते म्हणून. आम्ही त्यांच्याकडे जून-जुलैत कधी तगादा लावला नव्हता. समोरच्याने पहिल्याच पावसाळ्यात लावला. ते सगळे परत आले, आणि येताना वर्षभराची बाकी एकरकमी चुकती केली.

शेवटी त्याला पावसाने हरवलं. त्याने डबे सील न करता टांगले होते, जोड उघडे ठेवले होते. तीन पावसाळे गेले आणि त्याच्या लाइनमध्ये पाणी शिरलं. कोअॅक्सियलमध्ये एकदा पाणी शिरलं की ते केशाकर्षणाने आत चढत जातं, मग केबल फेकूनच द्यावी लागते. त्याने उरलेले पॉइंट विकून टाकले, काही आम्हीच घेतले. त्याच्या केबल उतरवताना मेस्त्रींनी प्रत्येक जोड बघितला आणि प्रत्येकावर एक शिवी दिली.

यानंतरची आठ-दहा वर्षं चांगली गेली.

इथे नवीन पोरांना दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. केबल घरात शिरण्याआधी खाली झोल द्या, पाणी झोलातून गळून जाईल, भिंतीत जाणार नाही. एफ कनेक्टरवर सेलोटेप गुंडाळू नका, त्यात पाणी धरून राहतं. अर्थिंगमध्ये काटकसर करू नका; ऑक्टोबरातली वीज आधी कंट्रोल रूममध्येच येते. जुन्या कॅसेट लोखंडी कपाटात ठेवल्या की बुरशी धरते. लाकडी कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवा आणि वर्षातून एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा. उधारी वहीतच लिहा, मोबाइलमध्ये लिहू नका. आणि गिऱ्हाइकाच्या दारात गेल्यावर चप्पल काढा, टीव्ही बहुतेक घरांत देवाच्या खोलीशेजारी असतो.

डीटीएचच्या छत्र्या आल्या त्याचा आम्हाला फार फटका बसला नाही. शहरात बसला असेल. आमच्या पावसात केयू बँडची (आखूड लहरींची) छत्री दुपारी काळोख झाला की बंद पडते, आणि सी बँडची (लांब लहरींची) आमची डिश चालू राहते. जून ते सप्टेंबर लोक आपणहून परत यायचे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा बावट्याची पट्टी आमच्याकडे रात्रभर चालू होती.

खरा फटका बॉक्सने दिला. सेट टॉप बॉक्स सक्तीचे होण्याची तारीख नगरपरिषदेच्या भागाला ३१ डिसेंबर २०१५ आणि गावांना ३१ मार्च २०१७ होती. मधे कोर्टकचेऱ्या होऊन मागे-पुढे होत राहिली. आतापर्यंत डिश आमची, कंट्रोल रूम आमची, मॉड्युलेटर आमचे. डिजिटलमध्ये स्वतःचं हेडएंड, म्हणजे सगळ्या वाहिन्या गोळा करून पाठवायची यंत्रणा, परवडेना, म्हणून मोठ्या कंपनीचा सिग्नल फायबरने घ्यायचा आणि आपण फक्त गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचा. ज्या कंपनीचा सिग्नल घेतला तिने बॉक्सचे पैसे आगाऊ घेतले, आणि बॉक्स तारीख उलटून गेल्यावर आले, तेही अर्धे. इकडे अॅनालॉग बंद. जुन्या वर्षांची गिऱ्हाइकं दुकानात येऊन उभी राहायची आणि मी काय सांगायचं? बॉक्स येतायत. उद्या येतील. त्यातली बरीच छत्र्यांकडे गेली आणि या वेळी पावसानेही परत आणली नाहीत.

आणि आमचं चॅनेल यादीतच नव्हतं. कंपनीचा माणूस म्हणाला, लोकल चॅनेलला स्लॉटचं डिपॉझिट लागेल. डिपॉझिट भरलं. मग म्हणाले चित्र डिजिटल करणारा एन्कोडर आमच्याकडूनच घ्या. घेतला. वर्षभर मालवणात पहिलं बटण दाबलं की दिल्लीची कुठली तरी वाहिनी लागायची. त्या वर्षी गणपतीत आमच्या पोरांनी आरास शूट केल्या आणि पेन ड्राइव्हवर घरोघर वाटल्या, कारण दाखवायला जागा नव्हती. मेस्त्री त्या वर्षी गेले. शेवटच्या आजारपणात बघायला गेलो तेव्हा त्यांचा टीव्ही बंद होता. "आपला बटन खंय गेला?" एवढंच विचारलं त्यांनी.

चॅनेल परत आलं ते दुसऱ्या कंपनीचा सिग्नल घेतल्यावर. आता नंबर तीन आकडी आहे, म्हाताऱ्या माणसांना लक्षात राहत नाही. म्हणून पोरं घरोघर जाऊन रिमोटमध्ये फेव्हरिट सेट करून देतात. त्याचे पैसे घेत नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत नवीन दरपत्रक आलं, शंभर वाहिन्यांचे १३० रुपये आणि वर जीएसटी, पे चॅनेल वेगळे. आम्ही एकेका घरी बसून वाहिन्या निवडून दिल्या. लोकांनी राग आमच्यावरच काढला, नियम करणारा कोणी दारात येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत मंदिरं बंद होती तेव्हा रोजची आरती चॅनेलवर लावली, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्या मुलांसाठी शिक्षकांनी आमच्या कंट्रोल रूममध्ये फळा टांगून तास घेतले. तौक्ते वादळ आलं १६ मे २०२१ ला. माड पडले आणि त्यांच्याबरोबर फायबर. मालवणात वीज नव्हती, तेव्हा चॅनेल असून कोणी बघितलं नसतं. आमची बारा फुटी जाळीची डिश मात्र जागेवर राहिली. तिचा आता काही उपयोग नाही, सिग्नल फायबरने येतो, पण उतरवलेली नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरमधल्या नियमांत लोकल चॅनेलला 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हणून जागा मिळाली. नोंदणी चॅनेलमागे हजार रुपये, आणि एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंतच अशी चॅनेलं. स्थानिक बातम्या दाखवायच्या तर सिग्नल देणारा कंपनी म्हणून नोंदलेला हवा. छोट्या माणसाने बातम्या स्वतःच्या नावावर दाखवायच्या नाहीत असाच त्याचा अर्थ झाला. आम्ही बातमीपत्र बंद केलं. पट्टी चालू आहे. म्हैस हरवली तर अजून आमच्याकडेच येतात.

सध्या कार्यक्रम असे: सकाळी सहाला भूपाळी आणि भजन, आठला बाजारभाव आणि बावटा, दुपारी मालवणी गजाली, शनिवारी आणि एकादशीला दशावतार. नवीन नाटकं मंडळी स्वतः यूट्यूबवर टाकतात, आणि टाकावीत. त्यांच्या हक्काचं आहे. म्हणून आम्ही जुनी लावतो, नव्वदच्या दशकातली. पोटापाण्याचं म्हणाल तर आता ब्रॉडबँडवर चालतं, चॅनेल त्यातून पोसतो. मुलगा म्हणतो बंद करू या. मी म्हणतो, तुझ्या इंटरनेटची लाइन ज्या घरांतून जाते, त्या घरांनी दार उघडलं ते चॅनेलमुळे.

काकींची खानावळ आता सून चालवते. माजघरातला अॅम्प फायबर आल्यावर निघाला. सुनेने त्या जागेचं विजेचं बिल तेव्हापासून लावलेलं नाही, पण केबलचे पैसे महिन्याच्या पाच तारखेला येतात, आणि पावती मागितली जाते.

कॅसेटी डिजिटल करण्याचं काम मुलाच्या मागे लागून सुरू केलं आहे. बुरशी लागलेल्या कॅसेट उन्हात न वाळवता पंख्याखाली उघडून मऊ कापडाने पुसाव्या लागतात, एकेका नाटकाला दोन-दोन दिवस जातात. पेट्रोमॅक्सवाली कॅसेट पहिली केली. ज्यांच्या घरी आमच्या जुन्या कॉपी असतील, गणपतीच्या, पालखीच्या, लग्नाच्या सुद्धा, त्यांनी दुकानात आणून द्याव्यात, कॉपी करून मूळ कॅसेट परत मिळेल. स्लॉटचं डिपॉझिट मात्र अजून परत मिळालेलं नाही. पत्रं पाठवली आहेत, पोच आहे, आणि पुढचं पत्र याच महिन्यात जाणार आहे.